कणसाची फाईल आणि बोकडाची फाईल

माझी नात पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. घरून काम करायची मुभा मिळाली की ती सोलापूरला माझ्याकडे येते, कारण पुण्यात तिला भाकरी करून घालणारं कुणी नाही. मागच्या खेपेला आली आणि माळ्यावरचा पत्र्याचा बिस्किटाचा डबा खाली काढून बसली. डब्यात फ्लॉपी होत्या.

"अम्मम्मा, हे काय जपून ठेवलंयस?"

"माझं आयुष्य हाय ते."

"मग आयुष्याला कुंकू कुणी लावलं?"

लावणारी मीच. आम्ही विणकर माणसं. खंडेनवमीला माग धुतो, धोट्याला आणि कात्रीला हळदकुंकू वाहतो. त्या वर्षी माझ्या हातात पेन्सिलीच्या जागी कॉम्प्युटर आला होता, म्हणून मी सगळ्या फ्लॉपी पाटावर ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीला बोटभर कुंकू लावलं. नुसतं कागदी चिठ्ठीवर लावलं असतं तरी चाललं असतं. मी लावलं ते त्या चकचकीत पत्र्याच्या झडपेवर. दुसऱ्या दिवशी मशीन घरघरलं आणि बंद पडलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "बाई, हिच्या तोंडात कुंकू गेलंय." मी त्यालाच सुनावलं, "मग? सवाष्ण हाय ती."

तेव्हाची मी अशी होते. आज समोर आली तर चार शब्द सुनावीन, पण तिनं तेही ऐकलं नसतं.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर. घरात तेलुगू, दारात मराठी. वडील मागावर, आई विड्या वळायची आणि मी एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायची. चादरीवरचं फूल धाग्यात येण्याआधी कागदावर येतं. चौकोनी ग्राफचा मोठा कागद असतो. त्यातला एक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा भेटतो ती जागा. रंगवला तर तिथं नक्षीचा धागा वर येणार, कोरा ठेवला तर खाली राहणार. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं मागावर चढवायची आणि ती भोकं बघून माग विणणार. एक चौकोन चुकला की ती चूक प्रत्येक चादरीत उमटायची. पाठीचा मणका आणि डोळे तिथंच गेले माझे.

मग मालकांनी कॉम्प्युटर आणला. नक्षी काढायचा प्रोग्रॅम हैदराबादच्या एका कंपनीचा होता. मशीनच्या मागं बोटाएवढा एक ठोकळा खोचायचा, तो काढला की प्रोग्रॅम मुका. मालक तो ठोकळा संध्याकाळी बंडीच्या खिशात घालून घरी न्यायचे आणि म्हणे लक्ष्मीच्या फोटोपुढं ठेवायचे. नक्षी काढणाऱ्यांतनं त्यांनी मला निवडलं आणि शिकायला हैदराबादला धाडलं, कारण मला तेलुगू येत होतं. मला वाटलं, हुशार म्हणून निवडलं.

परत आले ती वेगळीच बाई होऊन. पर्स घ्यायला लागले. पर्समध्ये कंगवा आणि बसचं जुनं तिकीट, दुसरं काही नाही. कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीबाहेर चपला काढायच्या, आत पंख्याखाली नव्हे तर एसीत बसायचं, आणि मधल्या सुट्टीत बाहेर येऊन ग्राफवाल्या बायकांना सांगायचं, "आता पेन्सिलीचे दिवस गेले बरं का." त्या बिचाऱ्या माझ्या डब्यातली चटणी खात खात मान डोलवायच्या. पुढं मला खात्रीच झाली की कॉम्प्युटरमध्ये गेलेलं कायम राहतं. म्हणून जुन्या नक्ष्या त्यात उतरवून झाल्यावर मी माझे सगळे जुने ग्राफ घरी आणले आणि स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरले. वर तेलाची बरणी, डाळींचे डबे. पुढं तेलकट झाले, झुरळं झाली, फेकून दिले. त्यांत कणसाचा ग्राफही होता.

कणसाची चादर ही माझी. आईच्या माहेरी, माढ्याकडं, थंडीत हुरड्याला जायचो तेव्हा बघितलेली ज्वारीची कणसं मी चादरीच्या चारी कोपऱ्यांना वाकवून बसवली होती. एक दाणा म्हणजे दोन चौकोन, असे भरगच्च दाणे, आणि मधल्या जागेत काही नाही. मालक म्हणाले होते, मधे मोर टाक. मी म्हणाले, शेतात मोर आला तर दाणे राहतील का? हसले आणि राहू दे म्हणाले. ती चादर एवढी चालली की लग्नात रुखवतात ठेवायला लोक दुकानात कणसाचीच मागायचे. एका प्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं. मालक स्टेजवर गेले, शाल घेतली, नारळ घेतला, आणि माईकवर सांगितलं, ही कल्पना मला शेतात फिरताना सुचली. मी मागच्या रांगेत बसले होते. टाळ्या सगळ्यांत जोरात माझ्याच होत्या. हात लाल होईस्तोवर वाजवल्या. एवढी भोळी बाई पुन्हा सोलापुरात झाली नसेल.

ती चादर माझ्याकडं नाही. धागा तुटलेली एक दुय्यम मिळाली होती, ती इस्त्रीखाली घालून घालून जळाली.

पुढं मागणी आटली. माग भंगारात गेले. हैदराबादची कंपनी आधीच बंद पडली होती, ठोकळा कुठं हरवला कुणाला ठाऊक नाही. शेवटच्या आवराआवरीत फ्लॉपींचा ढीग टेबलावर पडला होता. मालक म्हणाले, "ने घरी तू. भंगारवाला बी घेत न्हाय ते." मी आणल्या. हे वाक्य लक्षात ठेवा.

तर नातीनं कुठून तरी फ्लॉपी वाचायचं यंत्र मागवलं. कापसानं, कसल्याशा औषधानं कुंकू पुसत बसली. बऱ्याच फ्लॉपी मेल्या होत्या. दोन वाचता आल्या. एकीवर कणीस होतं. दुसरीवर हैदराबादेतल्या माझ्या शिकायच्या वेळच्या रेघोट्या.

"वाचता आल्या, पण उघडत नाहीत," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"फाईल आहे, पण तुमच्या त्या प्रोग्रॅमनं चित्र स्वतःच्याच पद्धतीनं लिहिलंय. ती पद्धत दुसऱ्या कुठल्याच प्रोग्रॅमला माहीत नाही. सगळे लावून बघितले. सगळे म्हणतात, ओळखत नाही."

"ओळख न देणारे मला नवीन न्हाईत," मी म्हणाले.

तिनं लॅपटॉप पुढं ओढला. मग म्हणाली, ओळख शिकवता येईल. चित्रं उघडायचा एक प्रोग्रॅम आहे, तो कुणा एका कंपनीचा नाही. जगभरातली माणसं नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता तो चालवतात, आणि ही पण त्यात अधूनमधून भर घालते. त्यात या फाईली ओळखायची सोय करायची. मी विचारलं, फुकट? ती म्हणाली, फुकट. मी म्हणाले, आपल्या घराण्यातच हाय ते.

आठवडाभर ती आकडे बघत बसली. तिच्या स्क्रीनवर चित्र नव्हतंच, नुसती आकड्यांची भिंत. मला म्हणाली, "कणीस फार गुंतागुंतीचं आहे. त्या दुसऱ्या फ्लॉपीवर काही साधं आहे का? कोरी जागा जास्त, मधे काहीतरी एकच?"

मला आठवलं. "बोकड हाय."

"कसला बोकड?"

"तू आधी उघड."

पहिल्यांदा उघडला तेव्हा बोकड तिरका होऊन स्क्रीनभर घसरला होता, वाऱ्यानं दोरीवरचा टॉवेल जातो तसा. रुंदी चुकली होती म्हणे. मग सरळ झाला, पण असा चपटा की वाटावं लाटण्याखाली आलाय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा घेताना ती एकदम ओरडली. मी जाऊन बघते तर चौकोनी ठोकळ्यांचा, वेड्यावाकड्या पायांचा, पोपटी रंगाचा बोकड उभा. हनुवटीला दाढी. आणि दोन शिंगांच्या मधे, कपाळावर चढवलेला चष्मा.

"अम्मम्मा, बोकडाला चष्मा का?"

"आमचे मालक हायेत ते."

मालकांना तेव्हा तशीच दाढी होती. चष्मा कपाळावर ढकलायचे आणि मग दिवसभर सगळ्यांना विचारायचे, माझा चष्मा कुणी बघितला का. शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं, पहिल्या दिवशी मनाला येईल ते काढा. मनाला हेच आलं. कॉम्प्युटरचा उंदीर हातात पहिल्यांदाच धरलेला, रेघ धड जात नव्हती. माझ्या उभ्या आयुष्यात एवढं वाईट चित्र मी काढलं नाही.

नात हसून हसून खाटेवर पडली. मग तिनं कणीस उघडलं.

 चारी कोपऱ्यांना कणसं वाकलेली. दाणे भडक गुलाबी, पानं निळी. नातीला वाटलं तिचंच काहीतरी चुकलं. चुकलं नव्हतं. त्या फाईलमधला रंग खरा नसतोच, कुठं कुठला धागा जायचा त्याची ती नुसती खूण. खरा रंग धाग्याला असायचा आणि धागा आता नाही. गुलाबी मी निवडला होता, तेव्हाच्या त्या पर्सवाल्या बाईनं, स्क्रीनवर असा रंग पहिल्यांदा बघितला म्हणून. मी पदराचा कोपरा ओला करून स्क्रीन पुसली. धूळ नव्हती.

नातीनं आपलं काम त्या प्रोग्रॅमवाल्यांकडं धाडलं. परदेशातल्या कुणीतरी उलट विचारलं, हा प्रकार वापरतं कोण? हिनं खरं सांगितलं, माझी आजी. त्यांचं म्हणणं पडलं, एका माणसासाठी प्रोग्रॅममध्ये कायमचं ओझं कशाला? हिनं भांडून भांडून पटवलं की जगात आणखी कुठल्या तरी विणकरांच्या माळ्यावर असे डबे असतील. शेवटी ते तयार झाले, पण एक अट घातली. या प्रकारची एक खरी फाईल नमुना म्हणून द्यायची. ती प्रोग्रॅमबरोबर कायम राहणार, कुणीही उतरवून घेऊ शकणार. म्हणून ज्याची फाईल त्याची परवानगी हवी. आणि नमुन्याखाली त्याचं नाव येणार.

"नाव?" मी विचारलं.

"हो. 'नमुना यांच्याकडून', असं."

इतक्या वर्षांत किती चादरी गेल्या, कुठल्या कुठल्या गावांत कुणाकुणाच्या अंगावर गेल्या. कोपऱ्यात पट्टी कारखान्याची. माझं नाव हजेरीपटाशिवाय कुठं लागलं नाही. मी म्हणाले, कणीस दे. माझं नाव घाल.

नातीनं नकाराची मान हलवली. "अम्मम्मा, ते तू नोकरीत काढलंयस. कायद्यानं ते कारखान्याचं. मालकांनी लिहून द्यायला पाहिजे."

"भंगारवाला बी घेत न्हाय म्हणाले होते की."

"ते लिहून दिलंय का?"

गेलो मालकांकडं. कारखान्याच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. जिथं माग खडखडायचे तिथं नवरानवरीचा सोफा, आणि माझी ती एसीची खोली म्हणजे वधूपक्षाची खोली. मालक हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. थकलेत. दाढी नाही आता. चष्मा मात्र कपाळावर.

"रा, रा, कूर्चो," म्हणाले. ये, बस. "बागुन्नावा?" बरी आहेस ना. माझी सगळी चौकशी केली. आमच्या मालकांचं एक होतं, माया आली की तेलुगूत बोलायचे आणि व्यवहाराला मराठीत. नातीनं लॅपटॉप उघडून कणीस दाखवलं. बघत राहिले. खरोखर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. कपाळावरचा चष्मा शोधायला खिसे चाचपायला लागले. मीच हात लावून खाली ओढला, जुन्या सवयीनं.

"कणीस," म्हणाले. "मी मोर टाक म्हणत होतो आन् तू ऐकलं न्हाईस." हे तेलुगूत.

मला वाटलं, झालं काम. नातीनं परवानगीचं आणि नावाचं सांगितलं. मालक खुर्चीत सरळ झाले आणि मराठीत म्हणाले, "सही देतो की. त्यात काय एवढं. फक्त नाव माझं घाला."

"मालक, काढलं मी."

"हात तुझा, बाई. पण पगार कुणी दिला? एसी कुणी लावला? दर म्हैन्याला मोजून घेतलास की न्हाय? मग त्या दिवसांतली तुझी रेघ न् रेघ माझी. बक्षीस बी माझ्याच नावावर हाय, विचार कुणालाबी."

"मी होते तिथं," मी म्हणाले. "टाळ्या वाजवत होते."

"मग? तुला तर ठाऊकच हाय." त्यांना त्यात काही टोचलंच नाही. "आन् हे बघ पोरी," नातीला म्हणाले, "मोठं करून एक छापून दे मला. हितं दारात फ्रेम करून लावतो. खाली माझा फोटू."

चहा आला. मी अर्धा सोडला. आयुष्यात पहिल्यांदा मालकांचा चहा सोडला, पण त्यांच्या काही ते लक्षात आलं नाही.

रिक्षात नात म्हणाली, "कणीस जगभर उघडेल, अम्मम्मा. नाव त्यांचं असलं तरी. नाहीतर नमुनाच नाही, मग सगळं काम वाया. तू म्हणशील तसं करू."

 माझ्या कानात मालकांचं तेच घुमत होतं, पगार दिला त्या दिवसांतली रेघ न् रेघ माझी. अक्कलकोट रोडचा चौक ओलांडताना मला एकदम हसू फुटलं. रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं.

हैदराबादहून परत आल्यावर पहिल्या पगाराला पैसे कमी आले होते. मी विचारायला गेले तर मालक म्हणाले होते, "तू शिकत होतीस की तिथं. काम कुटं केलंस? त्या दिवसांचं धरलं न्हाय." तेव्हाची ती शहाणी काय म्हणाली असेल? म्हणाली, "बरोबर हाय मालक." वर घरी येऊन सांगितलं, बघा, एवढं महागाचं शिक्षण आपल्याला फुकटात मिळालं.

"बोकड माझा हाय," मी नातीला म्हणाले.

"काय?"

"बोकडाचा पगार कापला होता त्यांनी. तो बोकड पगारात न्हाय. सबंध कारखान्यातली तेवढीच एक गोष्ट माझी हाय."

तिनं मला सगळं पुन्हा विचारलं. कुठं काढला, कुणाच्या मशीनवर, पैसे कसे कापले. मग म्हणाली, "चालेल. कणसापेक्षा बराच बरा. लहान आहे, शिवाय चुकलं तर लगेच कळतं." नंतर हळूच विचारलं, "पण तुझं नाव असं या बोकडाखाली चालेल तुला? कणीस केवढं सुंदर आहे."

सुंदर आहे हे मला सांगायला पाहिजे का? त्या क्षणीच ठरलं, तरी गिळायला वेळ लागला. एका बाजूला माझं सगळ्यांत चांगलं काम आणि खाली दुसऱ्याचं नाव. दुसऱ्या बाजूला सगळ्यांत वाईट आणि खाली माझं. पहिल्याची सवय होतीच मला. सवयीचाच कंटाळा आला होता.

"बोकड दे," मी म्हणाले.

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती दिवाळीच्या आसपास आली. नातीनं दाखवलं. नमुन्यांच्या ढिगात पोपटी बोकड, वाकड्या पायांवर उभा, कपाळावर चष्मा, आणि खाली इंग्रजीत माझं पूर्ण नाव, माहेरच्यासकट. माहेरचं घाल असं मीच सांगितलं होतं, कारण पेन्सिल तिथं हातात आली. नात म्हणाली, त्या प्रोग्रॅममध्ये जगात कुणीही काही बदल केला की मशीन आधी सगळे नमुने उघडून बघतं, काही मोडलं तर नाही ना म्हणून. म्हणजे रोज कुठं ना कुठं हा बोकड उघडतो. बघत मात्र कुणी नाही. मशीनच उघडतं, मशीनच मिटतं. माझी कीर्ती ती एवढी.

महिन्याभरानं मालकांचा फोन आला. लग्नसराई होती, मागं बँड वाजत होता.

"झालं का गं ते तुमचं? आलं का माझं नाव जगात?"

"नाव न्हाय आलं, मालक," मी म्हणाले. "तुमचा चेहरा आलाय."

"आँ? फोटू घातला? कुटला?"

"जुना हाय. दाढीतला. चष्मा कपाळावर."

मालक एवढे खूश झाले की तेलुगूत आले. म्हणाले, तू गुणाची आहेस, मला ठाऊक होतं तू विसरणार नाहीस. बँडच्या आवाजात कुणाला तरी ओरडून सांगितलं पण, माझा फोटो गेलाय म्हणून. मी फोन ठेवला आणि हसले, पण जेवढं वाटलं होतं तेवढं आलं नाही. माणूस रागावला असता तर बरं झालं असतं. मोठं करून छापलेलं कणीस त्यांनी पुन्हा मागितलं नाही आणि मी दिलं नाही. ते माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे. आता केव्हाही उघडतं. गुलाबी दाणे, निळी पानं. कुणी विचारलं तर सांगते, हे आमच्या मालकांचं हाय, माझा तो बोकड.